पांढरा ससा, मसूर आणि साबुदाणा

गेल्या दिवाळीत नाशिकला, गंगापूर रोडवरच्या माझ्या भावाच्या घरी एक ससा आला. पांढराशुभ्र, डोळे डाळिंबाच्या दाण्यासारखे. सईने त्याचं नाव ठेवलं कापूस. चार दिवसांनी तिचा फोन आला, "आत्या, कापूस सारखी मान हलवतो गं. डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे. त्याला काही झालंय का?"

मी गेले आणि त्याच्यासमोर फरशीवर पालथी पडून बघत बसले. कोथिंबिरीची काडी हातभर लांब धरली की तो जागच्या जागी मान डोलवायचा, थांबायचा, पुन्हा डोलवायचा आणि मगच पुढे यायचा. आजारी नव्हता तो. त्याला नीट दिसत नव्हतं. आपण मान हलवली की जवळची वस्तू जास्त सरकलेली दिसते आणि लांबची कमी. त्या फरकावरून तो अंतराचा अंदाज घेत होता. लाल डोळ्यांचे पांढरे ससे असं करतात, हे ससे पाळणाऱ्यांना चांगलं माहीत असतं.

कापूस हा खरा अल्बिनो. प्राण्यांमधली रंगहीनता म्हणजे काय, हे मी अकरावी-बारावीच्या मुलांना फळ्यावर अक्षरं मांडून वर्षानुवर्षं शिकवलं. पण सईला समजावताना फळा नव्हता, स्वयंपाकघर होतं, आणि मला वाटतं तिथे ते जास्त नीट समजलं.

बटाटा चिरून पाण्यात टाकायला विसरलो की काळा पडतो. बटाट्यात टायरोसिन नावाचं एक अमिनो आम्ल असतं आणि टायरोसिनेज नावाचं एक एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन. सुरी लागली, पेशी फुटल्या, हवा मिळाली की हे एन्झाइम कामाला लागतं आणि काळपट रंग तयार होतो. सशाच्या केसात, कावळ्याच्या पिसात, नागाच्या खवल्यात, आपल्या कातडीत याच जातीची रासायनिक क्रिया चालते. फरक इतकाच की शरीरात ती रंगपेशींमधल्या बारीक पिशव्यांत, शिस्तीत होते. तिथे तयार होणाऱ्या रंगाला मेलॅनिन म्हणतात. त्याचे दोन प्रकार आहेत, एक काळा-तपकिरी आणि दुसरा तांबूस-पिवळा. वाघाच्या अंगावर दोन्ही एकत्र बघायला मिळतात.

टायरोसिनेज कसं बनवायचं याची कृती जनुकात लिहिलेली असते. त्या कृतीत एखादं अक्षर चुकलं, तर एन्झाइम बनतच नाही किंवा बनलं तरी काम करत नाही. टायरोसिन भरपूर असतं, रंगपेशी जागेवर असतात, पण आत रंग शिजत नाही. कापूसचं हेच झालं आहे. रंगहीनतेला कारण होणारी आणखीही जनुकं आहेत. त्यातली काही एन्झाइम बनवत नाहीत, ते ज्या पिशवीत काम करतं तिथली आम्लता योग्य ठेवतात. स्वयंपाकी उत्तम असला तरी चूल पेटली नाही तर स्वयंपाक होणार नाही, तसंच हे.

कधी कधी चूक अर्धवट असते. कॅलिफोर्नियन जातीचा ससा बघा. अंग पांढरं, डोळे लाल, पण नाक, कान, पंजे आणि शेपटी काळी. त्याचं टायरोसिनेज बनतं, पण उष्णतेत टिकत नाही. अंगाच्या ऊबदार भागात ते निकामी होतं आणि जिथे रक्त थोडं गार असतं, तिथेच काम करतं. अशाच रंगाच्या हिमालयन जातीच्या सशाच्या पाठीवरचे केस भादरून तिथे थंडावा दिला की त्या जागी काळे केस उगवतात, हा प्रयोग शास्त्रज्ञांनी फार पूर्वी केला आहे. सयामी मांजराचंही गणित हेच. पिल्लं आईच्या उबदार पोटातून पांढरीच जन्मतात आणि मग हळूहळू तोंड-कान गडद होतात. माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरी निफाडला असे ससे होते. निफाडची थंडी काय असते ते द्राक्षवाल्यांना विचारा, रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून जागतात. तो मुलगा मला सांगायचा, "मॅडम, पौषात आमच्या सशांचं नाक कोळशासारखं होतं, आणि उन्हाळ्यात परत फिकं." त्याने ते पुस्तकात वाचलेलं नव्हतं, पिंजऱ्यात बघितलं होतं.

आता डोळा. कापूसचे डोळे लाल दिसतात ते लाल रंगद्रव्यामुळे नव्हे. तिथे रंगच नाही, म्हणून मागच्या रक्तवाहिन्या दिसतात. जुन्या कॅमेऱ्याची पेटी आतून काळी असायची, कारण आत शिरलेला उजेड इकडेतिकडे उसळू नये. डोळ्याच्या आत मेलॅनिन तेच काम करतं. ते नसलं की बुबुळाच्या आरपार उजेड घुसतो आणि सगळं चरचरीत, धुरकट होतं. पण खरा घोळ त्याच्याही आधी झालेला असतो. गर्भात डोळा घडत असताना मेलॅनिन नसेल, तर डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूंची वाटणी बिघडते. काही तंतू ज्या बाजूचे त्याच बाजूला राहायला हवेत, तेही ओलांडून पलीकडे जातात. सशापासून माणसापर्यंत सस्तन अल्बिनोंमध्ये हे आढळलं आहे. म्हणून रंगहीनता हा नुसता कातडीचा विषय नाही.

इथे माणसांबद्दल बोललंच पाहिजे. आपल्याकडे अशा माणसांना सूर्यमुखी म्हणतात. माझ्या वर्गात एक मुलगी होती, कायम डोळे मिचकावणारी. त्याआधीच्या तिच्या शाळेत उंचीप्रमाणे बसवायचे म्हणून ती वर्षानुवर्षं शेवटच्या बाकावर होती आणि फळा दिसत नाही म्हणून तिला 'ढ' ठरवलं होतं. तिला पुढचा बाक, मोठ्या टायपातले कागद आणि खिडकीकडे पाठ एवढंच लागत होतं. उन्हात टोपी आणि पूर्ण बाह्यांचे कपडे लागतात, कारण मेलॅनिनची छत्री नसलेल्या कातडीला उन्हाने कर्करोगाचा धोका जास्त असतो. कोड ही याहून वेगळी गोष्ट आहे. कोडात रंगपेशी आधी असतात, काम करत असतात आणि नंतर मरतात. दोन्हींपैकी काहीच स्पर्शाने पसरत नाही.

पांढरं दिसलं की अल्बिनो, असं मात्र नाही. नांदूर मध्यमेश्वरला, गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथल्या पाणथळीवर, चापडगावच्या मनोऱ्यावरून दुर्बिणीतून लहान बगळा पाहा. अंग दुधासारखं, पण चोच काळी, पाय काळे, डोळ्यात बाहुली स्पष्ट. त्याला मेलॅनिन उत्तम बनवता येतं, फक्त पिसांत ते घातलं जात नाही. त्या जातीचा तो ठरलेला पोशाख आहे. तिथेच मुग्धबलाक हा करकोचा दिसला तर त्याचे पंख पाहा. अंग फिकं, पण उडण्याची मोठी पिसं काळी. मेलॅनिन असलेलं पीस चिवट असतं, लवकर झिजत नाही. अनेक पांढऱ्या पक्ष्यांच्या पंखांची टोकं काळी असतात, त्याच्याशी याचा संबंध आहे. खऱ्या अल्बिनो पक्ष्याला ही चिवट पिसं मिळत नाहीत.

पितृपक्षात रामकुंडावर एकदा मी पंखात चार-पाच पांढरी पिसं असलेला कावळा पाहिला. घाटावर कुजबुज सुरू झाली, कुणी हात जोडले, कुणी मोबाइल काढला. त्याचा डोळा काळाभोर होता. म्हणजे अल्बिनो नव्हे. अशी पांढरी पिसं वयाने येतात, कधी पोषणातल्या कमतरतेने येतात आणि पुढच्या पीसगळीनंतर जाऊही शकतात. आणखी एक प्रकार जन्मजात असतो. गर्भात पाठीच्या कण्याजवळ तयार झालेल्या रंगपेशी तिथून निघून अंगभर पसरतात. काही ठिकाणी त्या पोचल्याच नाहीत, तर तो भाग पांढरा राहतो. डोळ्याच्या पडद्यामागचा रंग मात्र डोळ्याच्या स्वतःच्या पेशी बनवतात, त्यांना हा प्रवास करावा लागत नाही. म्हणून अंग संपूर्ण पांढरं असलं तरी डोळे गडद राहतात. याला ल्युसिझम म्हणतात. इगतपुरी, पेठ, सुरगाण्याकडची डांगी जनावरं आठवा. पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबडे ठिपके-डाग असतात आणि त्यावरून शेतकऱ्यांनी पारा, बहाळा, मणेरी अशी नावंही ठेवलीत. घोटीच्या बाजारात उभं राहून त्या कातडीकडे पाहिलं की रंगपेशी कुठे आहेत आणि कुठे नाहीत, याचा नकाशाच समोर असतो.

म्हणून कुणी 'अल्बिनो चिमणी', 'अल्बिनो बुलबुल' म्हणून फोटो पाठवला की मी आधी डोळा मोठा करून बघते. मोठे झालेले, मोकळे फिरणारे जे पांढरे पक्षी लोकांना दिसतात, त्यातले बहुतेक अल्बिनो नसतात. खरा अल्बिनो पक्षी घरटं सोडून फार दिवस टिकत नाही. आणि उलटंही होतं. आपण ज्यांना सरसकट 'लव्हबर्ड' म्हणतो त्या बजरीगारमध्ये मेलॅनिन नसलेला पक्षी पुष्कळदा पांढरा नव्हे, पिवळाधमक दिसतो, डोळे लाल. पोपटांचा पिवळा रंग मेलॅनिनचा नसतोच, तो वेगळ्या वाटेने बनतो, म्हणून शाबूत राहतो.

आता मसूर आणि साबुदाणा.

फेब्रुवारीत शेजारच्या घरातल्या खाकी रंगाच्या मादीशी कापूसची जोडी जमली. सईने मला आधीच विचारून ठेवलं होतं, "पिल्लं अर्धी पांढरी होतील ना?" महिन्याभराने पाच पिल्लं झाली. पहिले दोन-तीन दिवस सगळीच गुलाबी, बिनकेसांची. मग पाचही जणांची कातडी काळवंडत गेली आणि आठवड्यात खाकी लव उगवली. एकही पांढरं नाही. सई हिरमुसली. "आत्या, कापूसचं काहीच आलं नाही त्यांच्यात."

मी ओट्यावर दोन वाट्या ठेवल्या. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. चांगली प्रत म्हणजे मसूर, बिघडलेली म्हणजे साबुदाणा. कापूसच्या वाटीत दोन साबुदाणे. खाकी आईच्या वाटीत दोन मसूर. प्रत्येक पिल्लाला दोन्हीकडून एकेक दाणा. सईने पाच वेळा उचललं आणि पाचही वेळा हातात एक मसूर, एक साबुदाणा आला. रंग बनवायला एक चांगली प्रत पुरते, कारण एका प्रतीतूनही गरजेपुरतं एन्झाइम बनतं. म्हणून पिल्लं खाकी. साबुदाणा प्रत्येकाच्या पोटात आहे, फक्त दिसत नाही.

दिसायचा कधी? अशीच दोन पिल्लं मोठी होऊन एकमेकांशी जोडली गेली तर. आता दोन्ही वाट्यांत एक मसूर, एक साबुदाणा. सईला डोळे मिटून उचलायला लावलं. चारात सरासरी एकदा दोन्ही साबुदाणे येतात. एकोणिसाव्या शतकात मेंडेलने वाटाण्यांत जे पाहिलं ते प्राण्यांनाही लागू पडतं, हे फ्रान्समध्ये ल्युसियाँ क्युएनो यांनी १९०२ साली दाखवलं आणि त्यासाठी त्यांनी पांढरे उंदीरच वापरले होते.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. १९५१ साली रीवाचे महाराजा मार्तंड सिंह यांनी जंगलातून पांढऱ्या वाघाचा एक बछडा पकडला. त्याचं नाव मोहन. बेगम नावाच्या नेहमीच्या रंगाच्या वाघिणीशी त्याची जोडी लावली. बछडे झाले, पुन्हा झाले, पण पांढरा एकही नाही. मग मोहनची जोडी त्याच्याच मुलीशी, राधाशी लावली. १९५८ मध्ये राधाला चार बछडे झाले आणि चारही पांढरे. मसूर-साबुदाण्यात मांडून पाहा. मोहन दोन साबुदाणे, राधा एक मसूर एक साबुदाणा. प्रत्येक बछडा पांढरा होण्याची शक्यता निम्मी. चारही पांढरे होणं म्हणजे चार वेळा नाणं उडवून चारही वेळा छापा पडणं, सोळात एकदा घडणारी गोष्ट.

छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानात पांढरे वाघ पाहिलेत ना? त्यांचे पट्टे गडद असतात आणि डोळे निळे. म्हणजे तेही अल्बिनो नव्हेत. चिनी शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये शोधून काढलं की एसएलसी४५ए२ या जनुकातल्या एका अक्षराच्या बदलामुळे त्यांचा तांबूस-पिवळा रंग गेला आहे, काळा जवळपास तसाच राहिला आहे. पण प्राणिसंग्रहालयांनी पांढरा रंग हवा म्हणून नात्यातल्या नात्यात जोड्या लावल्या आणि इतर दोषही सोबत वाढत गेले. हे मला मनापासून चुकीचं वाटतं. तिकीट काढून बघणाऱ्या मुलांना 'दुर्मिळ जात' असं सांगितलं जातं, आणि ती जात नाहीच. तो एका जनुकाचा बदल आहे.

याच जनुकात वेगळ्या जागी झालेल्या बिघाडाने एक गोरिला संपूर्ण पांढरा जन्मला होता. १९६६ साली आजच्या विषुववृत्तीय गिनीत तो पकडला गेला आणि पुढे आयुष्यभर बार्सिलोनाच्या प्राणिसंग्रहालयात राहिला. तिथले लोक त्याला 'हिमकण' अशा अर्थाच्या नावाने हाक मारत. २००३ मध्ये तो गेला, तेव्हा त्याला कातडीचा कर्करोग होता. त्याचा जनुकसंच वाचल्यावर कळलं की त्याचे आईवडील एकमेकांचे जवळचे नातेवाईक असावेत, बहुधा काका-पुतणीइतके जवळचे. हे असंच व्हायला हवं होतं. दुर्मिळ साबुदाणा दोन्ही वाट्यांत यायचा सोपा रस्ता म्हणजे दोन्ही वाट्या एकाच डब्यातून भरलेल्या असणं. त्याला पुष्कळ पिल्लं झाली, त्यातलं एकही पांढरं नव्हतं.

मग सईनेच तो प्रश्न विचारला, जो माझ्या मते या विषयाचा गाभा आहे. "पांढऱ्याला दिसत नाही, ऊन सोसत नाही, शिकारी लगेच हेरतो. मग इतक्या लाखो वर्षांत ते संपून कसे गेले नाहीत?"

निसर्ग निष्ठुरपणे निवड करतो हे खरं. उसाच्या फडात पांढरा ससा गरुडाला लांबूनही दिसेल. थव्यात वेगळा दिसणारा मासा आधी पकडला जातो. पण निवड होते ती दिसणाऱ्या शरीराची, आतल्या दाण्याची नाही. समजा दहा हजार सशांत एक पांढरा जन्मतो. म्हणजे कोणताही एक दाणा उचलला तर तो साबुदाणा असण्याची शक्यता शंभरात एक, कारण शंभरातला एक गुणिले शंभरातला एक म्हणजे दहा हजारांत एक. दहा हजार सशांत दाणे वीस हजार. त्यात साबुदाणे दोनशे. त्यातले दोन त्या एका पांढऱ्या सशात. उरलेले एकशे अठ्ठ्याण्णव कुठे? एकशे अठ्ठ्याण्णव खाकी सशांमध्ये, प्रत्येकी एक. गरुडाने तो पांढरा ससा उचलला तरी दोनशेपैकी दोनच साबुदाणे गेले. बाकीचे खाकी अंगात सुखरूप आहेत आणि गरुडाला ते दिसण्याचा कुठलाच मार्ग नाही.

हा हिशेब १९०८ साली इंग्लंडमध्ये गणितज्ञ हार्डी आणि जर्मनीत डॉक्टर वाइनबर्ग यांनी एकमेकांना माहीत नसताना मांडला. त्यावरून पुढचं गणित निघतं. बिघडलेली प्रत दोनात एक इतकी पसरलेली असेल आणि प्रत्येक पांढरा प्राणी पिल्लं न होताच मेला, तर तिचं प्रमाण दोन पिढ्यांत निम्मं होतं. पण ती शंभरात एक इतकी कमी असेल, तर निम्मी व्हायला शंभर पिढ्या लागतात. जितकी दुर्मिळ तितकी ती निसर्गाच्या हाताला कमी लागते. आणि तेवढ्या काळात कुठेतरी नवी चूक होऊन नवा साबुदाणा तयार होतच असतो.

जिथे शिकारीच नाही आणि उजेडही नाही, तिथे चित्र उलटतं. मेक्सिकोतल्या गुहांमधल्या पाण्यात राहणारे काही मासे आंधळे आणि रंगहीन झाले आहेत. बाहेरच्या नदीत त्यांचेच भाऊबंद डोळस आणि रंगीत आहेत. पाचोन आणि मोलिनो या दोन गुहांतल्या माशांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्हीकडे एकच जनुक, ओसीए२, बिघडलेलं निघालं, पण बिघाड वेगवेगळे. म्हणजे दोन गुहांत दोनदा, स्वतंत्रपणे हे घडलं. मिट्ट काळोखात रंग नसल्याने काही अडत नाही, म्हणून साबुदाणा वाढायला मोकळा राहिला, हे एक स्पष्टीकरण. दुसरं त्याहून रंजक आहे. हे जनुक दाबल्यावर माशांत टायरोसिन शिल्लक राहतं आणि त्यापासून बनणारी, मज्जातंतूंचे निरोप नेणारी डोपामिनसारखी रसायनं वाढतात, असं प्रयोगात दिसलं. कच्चा माल तोच, एका कारखान्याऐवजी दुसऱ्याकडे गेला. अन्नाची वानवा असलेल्या गुहेत त्याचा उपयोगही होत असेल.

आणि जिथे माणूस निवड करतो तिथे तर सगळंच बदलतं. आपली थॉमसन द्राक्षं हिरवी का? काळ्या रंगाचं बटण चालू करणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती तिच्यात बंद पडलेल्या आहेत. तो रंग मेलॅनिन नव्हे, वनस्पतींचा वेगळा रंग आहे, पण हिशेब तोच. रानात कदाचित मागे पडली असती ती वेल माणसाला आवडली, कलमांनी वाढली आणि नाशिक जिल्ह्यात मैलोन् मैल पसरली. कापूसचंही तसंच. त्याचे पूर्वज पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यात राहिले, तिथे गरुड नव्हता आणि पांढऱ्या लोकरीला गिऱ्हाईक होतं.

पाच पिल्लांपैकी एक सईने ठेवलं. बाकीची चार नातेवाइकांकडे गेली, सिन्नरला एक, ओझरला दोन, देवळाली कॅम्पला एक. नेणाऱ्या प्रत्येकाला ती दारात थांबवून सांगत होती, "हा खाकी दिसतो, पण याच्यात एक साबुदाणा आहे." ओझरच्या मावशींनी पिल्लाला उलटंपालटं करून बघितलं, कान उचलून बघितले, आणि म्हणाल्या, "कुठे गं?"